नॅनोमीटरचा आकडा काय सांगतो, काय नाही

लॅपटॉप घ्यायचा विषय काढा, व्हॉट्सॲपवर हे ज्ञान येतंच: ‘नॅनोमीटर म्हणजे ट्रान्झिस्टरची रुंदी. टीएसएमसी ७वर पोचली तेव्हा इंटेल १०वर रखडलेली, म्हणजे तिचे ट्रान्झिस्टर मोठे. शिवाय एआरएम मुळातच कमी वीज खातं, एक्स८६चे दिवस भरले.’ (ट्रान्झिस्टर म्हणजे चिपमधला विजेचा सूक्ष्म स्विच; टीएसएमसी ही इतरांच्या चिप बनवून देणारी तैवानी कंपनी; एआरएम आणि इंटेलचं एक्स८६ हे दोन सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांच्या दोन भाषा.)

रुंदीचं आधी पाहू. ‘३ नॅनोमीटर’ हे चिप बनवण्याच्या प्रक्रियेचं नाव आहे, माप नव्हे. त्या पिढीतही शेजारच्या दोन गेटमधलं (गेट म्हणजे ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारा भाग) अंतर ४५-५० नॅनोमीटरच्या घरात असतं. एका चौरस मिलिमीटरमध्ये इंटेलच्या १० नॅनोमीटरमध्ये सुमारे १० कोटी ट्रान्झिस्टर बसत, टीएसएमसीच्या ७मध्ये सुमारे ९ कोटी. म्हणजे दाटी ‘मागासलेल्या’ इंटेलकडेच जास्त! २०२१मध्ये इंटेलनेही सुधारित १० नॅनोमीटरचं बारसं ‘इंटेल ७’ असं करून टाकलं.

इंटेल मागे पडली नाही असं मी म्हणत नाही. २०१६च्या आसपास अपेक्षित असलेली १० नॅनोमीटरची चिप मोठ्या प्रमाणात यायला २०१९ उजाडलं. एका दमात ट्रान्झिस्टर फार आकसायचं ठरवलं, आणि चिपवर नक्षी उमटवायची तीही १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जुन्या प्रकाशाने. एकेका थरावर पुन्हा पुन्हा नक्षी उमटवावी लागे आणि चांगल्या चिप हाती कमी लागत. इंटेल हरली ती कॅलेंडरवर.

आकड्यांची आणखी एक गंमत आयफोन ६एसची. त्यातली ए९ चिप सॅमसंग १४ नॅनोमीटरवर बनवायची, टीएसएमसी १६वर. तरी तेव्हा बोंब उठली ती १४वाल्याची बॅटरी लवकर उतरते अशी. प्रत्यक्ष वापरात फरक २-३ टक्के, असं ॲपलचं उत्तर.

आता एआरएम. त्याच्या सूचना ठरावीक लांबीच्या, एक्स८६च्या १ ते १५ बाइटच्या, त्यामुळे एकदम अनेक सूचना उलगडणं एआरएमला सोपं जातं. एवढं खरं. पण विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दोन्हींची तुलना केली, तेव्हा विजेच्या हिशेबात सूचनासंच निर्णायक ठरला नाही. ॲपलच्या एम१ने २०२०मध्ये बाजी मारली, पण ती चिप टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटरवर होती, मेमरी त्याच पॅकेजमध्ये, गाभा (कोअर) भला रुंद, म्हणजे एकदम अनेक सूचना हाताळणारा. हे सगळं श्रेय सूचनासंचाच्या खात्यात कसं टाकणार?

२०२४मध्ये इंटेलने लूनार लेक आणली: मेमरी पॅकेजमध्येच, मुख्य भाग टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरवर. बॅटरीच्या बाबतीत ती एआरएमवाल्या लॅपटॉपच्या बरोबरीला आली. सूचनासंच तोच, जुना एक्स८६.