लक्ष वळवण्याआधी विचारा तरी

'मूल रडायला लागलं की लगेच त्याचं लक्ष दुसरीकडे वळवा' हा मुलांच्या रडण्यावरच्या लेखातला सल्ला मला अजिबात पटला नाही. वर्षाच्या बाळापुरतं ठीक आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला नेमकं काय होतंय, हे आधी विचारायला नको का?

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरलं, तेव्हा लेक चार वर्षांची होती. पुढच्या पावसाळ्यात पत्र्यावर सर वाजली की ती माझी ओढणी मुठीत घट्ट धरून रडायची. मी घाईघाईने मोबाइल लावून द्यायचे, सासूबाई 'ती बघ चिऊ आली' म्हणायच्या. रडं थांबायचं, पण रात्री अंथरूण ओलं. शेवटी एकदा मांडीवर घेऊन विचारलं, "पाणी परत घरात येईल असं वाटतंय का गं?" तिने मान हलवली. म्हणाली, "माझी बाहुली परत वाहून जाईल?" एवढे महिने पोरगी हे मनात घेऊन होती आणि आम्हाला पत्ता नाही! मग पाऊस लागला की आम्ही दोघी रोज कृष्णा नदीवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघायला लागलो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे तिला पाठ झालं. 'आज २२ फूट' म्हटलं की खेळायला पळायची. भीती लगेच गेली नाही, पण "मला भीती वाटतेय" असं ती स्वतःहून सांगायला लागली.

आणि मुलग्यांना 'पोरीसारखा काय रडतोस' म्हणून गप्प करतात, त्यावर लेखात एक ओळ तरी हवी होती.