मेट्रोतून दिसायचा तो कोळशाचा ढीग

फिनलंडची राजधानी हेलसिंकीत सोर्नाइनेन स्टेशन सोडून मेट्रो बोगद्यातून बाहेर आली की समुद्राच्या कडेला कोळशाचा प्रचंड ढीग दिसायचा. हानासारी वीज केंद्राचा. इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात तो रोज दिसायचा आणि रोज घर आठवायचं. माझं बालपण विदर्भातल्या एका थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं. दोरीवरचे कपडे आई आधी झटकायची, राख उडायची, मगच घडी. पण त्याच कोळशावर आमची चूल पेटली, माझं शिक्षण झालं. म्हणून "कोळसा बंद करा, झालं" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

२०२३ च्या वसंतात हानासारी बंद झालं. दोन वर्षांनी, १ एप्रिल २०२५ ला, साल्मिसारीतही कोळसा जळायचा थांबला. दोन्ही केंद्रं हेलेन कंपनीची आणि हेलेन हेलसिंकी महापालिकेच्या मालकीची. फिनलंडच्या कायद्यानं मे २०२९ पर्यंत मुदत दिली होती. त्याच्या चार वर्षं आधीच काम झालं.

यातला विजेचा भाग त्यामानानं सोपा. फिनलंडकडे अणुवीज आहे, जलविद्युत आहे, वारा आहे. खरी अडचण उष्णतेची. आपल्या थर्मलमध्ये कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त विजेत उतरते. उरलेली बरीचशी कूलिंग टॉवरमधून आकाशात जाते. लहानपणी तो पांढरा ढग मला फार सुंदर वाटायचा. हेलसिंकीनं १९५० च्या दशकापासून हीच उष्णता गरम पाण्याच्या पाइपांनी घरोघर पोचवली. शहरातल्या दहापैकी साधारण नऊ इमारती या पाण्यावर उबदार राहतात. बाहेर उणे वीस असताना आमच्या खिडकीखालच्या रेडिएटरवर मुलीचे मोजे वाळत असतात, ते याच जोरावर. आता कोळसाच गेला तर ही ऊब आणायची कुठून?

मी मुलीला खेळायला नेते त्या कात्री वाला बागेखाली याचं एक उत्तर आहे. तिथं खडकाच्या पोटात २००६ पासून हीट पंप चालतात. शहराचं शुद्ध केलेलं सांडपाणी तिथं येतं. आपण आंघोळ करतो, भांडी घासतो, ते पाणी सोडून देतो, तरी त्यात थोडी ऊब उरलेलीच असते. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो ना, तसेच हे हीट पंप ती ऊब काढून घेतात. इथं फ्रिजमध्ये ठेवलंय सांडपाणी आणि मागची जाळी म्हणजे अख्खं शहर! उन्हाळ्यात हेच केंद्र इमारतींना गारवाही पुरवतं.

शिवाय मुस्तिक्कामा बेटाखाली जुन्या काळी तेल साठवायच्या गुहा होत्या. त्यात २०२१ पासून गरम पाणी साठवतात, २,६०,००० घनमीटर. वारा जोरात सुटला की वीज स्वस्त होते, तेव्हा विजेवरचे बॉयलर चालवून पाणी तापवून घेतात.

माझा आक्षेप आहे तो लाकडाला. शहराच्या वुओसारी भागात लाकडाच्या चिपा जाळणारं मोठं केंद्र उभं राहिलं. झाड पुन्हा वाढतं, म्हणून हिशेबात ते कार्बनशून्य धरलं जातं. पण उत्तरेकडचं झाड वाढायला पन्नास-साठ वर्षंही कमीच पडतात, जाळायला मिनिटं लागतात. २०२१ च्या हिशेबात तर फिनलंडची जंगलं आणि जमीन मिळून कार्बन शोषण्याऐवजी सोडतायत असं दिसलं. शहराला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. २०२० मध्ये हेलसिंकीनं १० लाख युरोंची जागतिक स्पर्धा लावली, तेव्हाच सांगितलं होतं की कोळसा जावा, पण त्याच्या जागी शक्य तितकं कमी लाकूड जळावं. हेलेननं २०३० पर्यंत कार्बनशून्य होण्याचं आणि २०४० पर्यंत काहीही जाळणं थांबवण्याचं ठरवलंय. यातली दुसरी तारीख मला जास्त महत्त्वाची वाटते. ती पुढे ढकलली जायला लागली तर इथली नागरिक म्हणून मी नक्की आवाज उठवेन.

गेल्या हिवाळ्यात बाबा आले होते. बत्तीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस. त्यांना मी इमारतीच्या तळघरात नेलं. छोटीशी खोली, दोन जाड पाइप, शहरातून आलेल्या पाण्याची ऊब इमारतीच्या पाण्याला देणारा हीट एक्स्चेंजर, तापमानाचे काटे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वाचलं. येणारं पाणी शंभराच्या जवळ, परतणारं पंचेचाळीस.

"एवढं थंड परत जातं? म्हणजे सगळीच काढून घेतली की यांनी."

मग बराच वेळ परतीच्या पाइपावर हात ठेवून उभे राहिले. वर येताना जिन्यात म्हणाले, "आपल्याकडं घरं तापवायला नको गं. पण सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगवाल्यांना वाफ लागते, डेअरीला लागते, आणि ते वेगळा कोळसा जाळतात. आमच्या टॉवरशेजारी त्यांना कुणी कधी जागाच दिली नाही."