गुडघ्याला सोडा, वाऱ्याला घाबरा: कयाकिंगवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे, सोसायटीचे, निवृत्तांचे, अशा बहुतेक सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वर 'तज्ज्ञ डॉक्टरांचा इशारा' असं लिहिलंय, डॉक्टरांचं नाव मात्र कुठेच नाही. मजकूर थोडक्यात असा: कयाकिंग (अरुंद होडीत बसून दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारणं) जीवघेणं आहे, उजनी धरणात सहा जण बुडाले ते आठवा, पोहता येत नसेल तर कयाकमध्ये बसणं म्हणजे आत्महत्या, बसून हात हलवण्याला व्यायाम म्हणत नाहीत, पन्नाशीनंतर खांदा निखळतो, कंबर कायमची जाते, आणि दुष्काळी सोलापूरकराला हे श्रीमंती चोचले हवेत कशाला? शेवटी जोडलेले हात आणि 'दहा जणांना पाठवा'.

माझे गुडघे कुरकुरायला लागल्यावर डॉक्टरांनी धावणं बंद करायला सांगितलं. तेव्हापासून जमेल तसा मी उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर, कयाक वल्हवतो. त्यामुळे या मेसेजला उत्तर द्यायचा थोडा हक्क मला आहे असं समजतो. लोकांना घाबरवलं म्हणून माझी तक्रार नाही. पाण्यावर जाणाऱ्याच्या पोटात थोडी भीती असलेलीच बरी. पण या मेसेजने नको त्या गोष्टीची भीती घातलीय आणि ज्याला घाबरायला हवं त्याचं नावही घेतलेलं नाही.

आधी उजनी. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. एक जण पोहत काठाला लागला. ती माणसं मौजेला निघाली नव्हती. धरणाने दोन काठांच्या मधला रस्ता गिळला, जमिनीवरून जायचं तर लांबचा वळसा पडतो, म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं बोटीने ये-जा करतात. त्यांच्या मरणाचा दाखला कयाकिंगविरुद्ध देणं मला तरी पटत नाही. त्यातून शिकायचंच असेल तर महिना बघा, वेळ बघा: मे महिना, संध्याकाळ.

आपल्याकडचा वळीव कसा येतो हे सोलापूरकराला सांगायला नको. दुपारभर अंगाची लाही होते, चारनंतर आभाळ भरून येतं आणि पाऊस पडो न पडो, वारा मात्र सुटतोच. काठावर उभं असलं की तो धुळीच्या लोटातून कळतो. पाण्यावर धूळ नसते. तिथे आधी पाण्याचा रंग बदलतो. लांबवर एक काळपट पट्टा दिसतो, त्यावर बारीक सुरकुत्या असतात आणि तो पट्टा तुमच्याकडे सरकत येतो. पोचला की कयाकचं टोक आपोआप वारा जिकडून येतो तिकडे वळू लागतं. उजवीकडे जायचंय म्हणून तुम्ही डावीकडून जोर लावता, तरी टोक ऐकत नाही. नवखा माणूस घाबरतो तो इथेच. उघडं पाणी जेवढं लांब, तेवढी लाट मोठी. उजनीचा फुगवटा तर कोसच्या कोस पसरलेला.

म्हणून नियम सगळे वाऱ्याचे आहेत. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत परत यायचं. अंदाजात ताशी 15 किलोमीटरच्या वर वारा दिसला तर नवख्याने त्या दिवशी घरीच बसावं. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, म्हणजे दमल्यावर तोच वारा परत आणतो. काठावरून आत वाहणारा वारा सगळ्यात फसवा: काठाजवळ पाणी अगदी शांत दिसतं आणि शंभर-दोनशे मीटरवर गेलात की तोच वारा तुम्हाला मधोमध ढकलत नेतो. काठ धरून वल्हवायचं, एकट्याने जायचं नाही, शिट्टी लाइफ जाकिटालाच बांधलेली हवी. आणि कयाक उलटलीच तर तिला सोडायचं नाही. पाण्यातून काठ नेहमी आहे त्यापेक्षा जवळ दिसतो, आणि पोहून गाठू म्हणणारा अर्ध्या वाटेत दमतो. कयाक तरंगत असते, ती धरून राहिलेला माणूस लांबूनही दिसतो.

फॉरवर्डमध्ये यातलं एक अक्षर नाही.

पोहण्याचा मुद्दा निम्मा खरा आहे. त्यातला खोटा भाग मेसेजमध्ये आहे आणि दुसरा खोटा भाग 'पोहता येत नाही? नो प्रॉब्लेम!' म्हणणाऱ्या रील्समध्ये. सगळी जाकिटं सारखी नसतात. कयाकिंगसाठी सहसा मिळतं ते 50 न्यूटन तरंगशक्तीचं जाकीट. हात मोकळे राहावेत म्हणून ते आटोपशीर असतं आणि ते मुळात पोहता येणाऱ्यासाठी बनवलेलं असतं. पाण्यात पडलेल्याचं तोंड वर ठेवायला मदत करणारी जाकिटं 100 न्यूटनपासून पुढे सुरू होतात. पोहता न येणाऱ्याने ती घालावी, कमरेइतक्या पाण्यात, जाणकाराबरोबर बसावं आणि जमलं तर आधी निदान पाठीवर तरंगायला शिकावं. आपल्या गावात पोहायचे तलाव आहेत, शिकवणारेही आहेत. साठीत शिकलेली माणसं मी पाहिली आहेत, पोरांपेक्षा जास्त चिकाटीची.

जाकीट घातल्यावर दुसऱ्याला दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, आणि सैल जाकीट पाण्यात माणसाच्या आधी वर येतं.

आता 'बसून हात हलवणं'. या वाक्यावर माझा खरा राग आहे, कारण नवखेही हेच समजून येतात आणि मग दुसऱ्या दिवशी दंड धरून बसतात. वल्हं हाताने मारायचंच नसतं. ताक घुसळताना रवीची दोरी कशी ओढतात ते आठवा: एक हात पुढे जातो, दुसरा मागे येतो, कोपर फार वाकत नाही आणि आजीचा सगळा कमरेवरचा भाग डावीकडे-उजवीकडे वळत राहतो. वल्हवणं तसंच. उजवं पातं पाण्यात घालायचं ते उजव्या पायाच्या बोटांजवळ, खांदा पुढे नेऊन. मग धड वळवत ओढायचं, आणि पातं नितंबाशी आलं की बाहेर काढायचं. त्यापुढे ओढाल तर पाणी वर उचललं जाईल, कयाक पुढे जाणार नाही. ओढताना त्याच बाजूचा पाय पायटेकणीवर दाबायचा. म्हणजे पाय, कंबर, पोट, पाठ आणि शेवटी हात, असा जोर वर येतो. बरोबर जमलं तर दुसऱ्या दिवशी बरगड्यांच्या बाजू आणि पाठ दुखते. दंड दुखले तर समजावं, अजून हातानेच चाललंय.

वल्हं किती घट्ट धरायचं यातही बरंच काही आहे. नवखा माणूस ते असं आवळतो की बोटांची पेरं पांढरी पडतात, आणि त्यातून मनगट सुजतं. ढकलणाऱ्या हाताची बोटं किंचित उघडी राहिली तरी चालतं. तळव्याने ढकललं की पुरे.

आकड्यांत सांगायचं तर व्यायामशास्त्रात श्रम मोजायला मेट नावाचं एकक वापरतात. स्वस्थ बसणं म्हणजे 1 मेट. मध्यम गतीचं चालणं साधारण 3.5, मध्यम जोराचं कयाकिंग साधारण 5. सत्तर किलोच्या माणसाने तासभर खरंच न थांबता वल्हवलं तर साडेतीनशेच्या आसपास कॅलरी जातात. 'खरंच न थांबता' हे महत्त्वाचं. आपण मध्ये बगळे बघतो, फोटो काढतो, गप्पा मारतो. तासात हजार कॅलरी म्हणणाऱ्या व्हिडिओंवरही विश्वास ठेवू नका, आणि परतताना भज्यांच्या गाड्यावर थांबलात तर हिशेब मांडूच नका. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यातला काही भाग पाण्यावर झाला तर बिघडलं कुठे?

आणि बसून केलेला व्यायाम हलका असतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने प्राची यादवचं नाव ऐकावं. ग्वाल्हेरची ही खेळाडू कमरेखाली दिव्यांग आहे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिने कयाकमध्ये सुवर्ण आणि कनूमध्ये (एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवायची होडी) रौप्य मिळवलं. दोन्ही बसूनच.

खांदा निखळण्याची गोष्ट पूर्ण बनावट नाही, पण ती दुसऱ्या पाण्याची आहे. कुंडलिकेसारख्या उसळत्या नदीत कयाक कलंडताना सावरायला माणूस वल्हं डोक्यावर नेऊन झटक्याने पाण्यावर मारतो, आणि हात वर नि मागे गेलेला असताना खांद्याला हिसका बसतो. संथ पाण्यावर तशी वेळ सहसा येत नाही. नियम एवढाच की हात खांद्याच्या रेषेच्या वर न्यायचे नाहीत. ज्यांचा खांदा आधीच आखडलेला आहे (मधुमेहात ते बरंच होतं), त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बसावं. कंबर दुखते ती पोक काढून बसल्याने. मागे टेकून आरामखुर्चीसारखं बसलात की ती दुखणारच. ताठ बसा, गुडघे किंचित वाकवा, अर्ध्या तासाने काठाला लागून पाय मोकळे करा.

गुडघ्यांचं म्हणाल तर धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. कयाकमध्ये तो आदळणारा भारच नाही. मात्र एक गोष्ट कुणीच सांगत नाही: वल्हवताना गुडघा दुखत नाही, उतरताना दुखतो. आसन जमिनीलगत, त्यातून सरळ उठायला गेलात की गुडघा बोंबलतो आणि कयाक डुलते ते वेगळंच. त्यासाठी वर उघडी असलेली कयाक घ्यावी, जिच्यात आत अडकायचा प्रश्नच नसतो. गुडघाभर पाण्यात यायचं, दोन्ही पाय एकाच बाजूला सोडायचे, तळ चाचपायचा आणि मग पुढे झुकून उभं राहायचं. उजनीचा काठ पाणी ओसरल्यावर गाळाचा असतो, पाय पोटरीपर्यंत रुततो, म्हणून कातळ किंवा मुरूम असलेली जागाच उतरायला बघावी. हाडांना थोडा भार लागतोच, तो कयाकमध्ये पायांना मिळत नाही. तेव्हा चालणं सोडू नका.

राहिला दुष्काळ. 'उजनी मायनसमध्ये' ही बातमी आपण दर उन्हाळ्यात वाचतो आणि धरण कोरडं पडलं असं समजतो. उजनीची क्षमता सुमारे 117 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यात मृतसाठा, म्हणजे तळाशी राखून ठेवायचं पाणीच 63 टीएमसीच्या वर. मायनस म्हणजे त्या मृतसाठ्यातलं पाणी वापरायला सुरुवात झाली. आपल्याकडे पाऊस पडो न पडो, पुणे जिल्ह्यातली धरणं भरली की दौंडवरून पाणी येतं. पाणी आहे. ते स्वच्छ किती, हा खरा प्रश्न. पुणे-पिंपरीचं सांडपाणी पोटात घेऊन येणारं ते हिरवट पाणी तोंडात जाऊ देऊ नका, जखम असेल तर उतरू नका आणि घरी येऊन साबणाने अंघोळ करा. पाणी ओसरल्यावर बुडालेल्या वेड्या बाभळीची खोडं वर येतात आणि चिलापी धरणाऱ्यांची जाळी असतात. ती जाळी त्यांची रोजीरोटी आहे, लांबून वळसा घालून जा. गावाजवळ हिप्परगा आहे, 1871 चा, पण तो पिण्याच्या पाण्याचा. तिथे काय किंवा कुठल्याही तलावात काय, परवानगी विचारल्याशिवाय उतरायचं नाही.

चोचल्यांचं उत्तर देताना मात्र मला आवाज थोडा खाली घ्यावा लागतो. कयाक मुळात आर्क्टिकच्या शिकाऱ्यांनी सीलची कातडी ताणून पोटासाठी बनवली, हे खरं. पण आज ती विकत घेणं सगळ्यांना परवडत नाही, हेही खरं. सुरुवातीला घेऊच नका. तारकर्लीला किंवा पानशेतला गेलात की तासभर भाड्याने बसून बघा, आवडलं तर चौघांत मिळून हवा भरायची एखादी घ्या, जी गाडीच्या डिकीत मावते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी पहिल्यांदा उतरायला सगळ्यात बऱ्या. आणि भाड्याच्या ठिकाणी जे जाकीट हातात देतील ते निमूट घालू नका. पट्टे ओढून बघा, बक्कल तुटकं असेल तर दुसरं मागा, आणि दुसरं नसेल तर पैसे परत घ्या.