झोना साडी रोटी नहीं, पुत्तर

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास धुरात बुडालेल्या दिल्लीचे फोटो फिरायला लागतात आणि त्याखाली भाताचा पेंढा शेतात जाळतो म्हणून पंजाबच्या शेतकऱ्याला शिव्यांची लाखोली सुरू होते. त्यात आपली मराठी माणसंही असतात. यंदाही दोघा जवळच्या मित्रांनी तसं लिहिलं, म्हणून बसलो लिहायला. पोस्ट लांबेल, पण वाचा.

मी हिंगोली जिल्ह्यातला, नरसी नामदेवच्या जवळचा. नामदेव महाराजांनी उत्तर आयुष्य घालवलं ते घुमान गाव पंजाबात, गुरुदासपूर जिल्ह्यात आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये तिथे ८८ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. मी नांदेडहून सचखंड एक्सप्रेसने गेलो आणि शेजारच्या एका गावात एका शेतकऱ्याच्या घरी उतरलो. नरसीकडचा म्हटल्यावर "बाबा नामदेवजी दे पिंड तों आए ने", नामदेवबाबांच्या गावाहून आलेत, असं सांगत त्या शेतकऱ्याने, म्हणजे चाचाजींनी, मला घरोघरी फिरवलं. एका बीजींनी तर माझ्या पायांना हात लावला. माझ्या आजीच्या वयाची बाई, मला बोलायला सुधरेना. त्यानंतर चार वेळा त्या घरी जाऊन आलोय.

हा मुलूख बियास आणि रावी या दोन नद्यांच्या मधला. पहिल्या दिवशी शेतात फिरताना काय चुकल्यासारखं वाटतंय ते कळेना, मग लक्षात आलं, दगडच नाही! ढेकूळ उचललं की बोटांत पिठासारखं विरतं. घरं विटांची, गल्ल्याही विटांच्या. गावाभोवती गोल रस्ता असतो, त्याला फिरनी म्हणतात. फिरनीच्या आत घरं, गुरुद्वारा, छप्पड म्हणजे गावतळं. बाहेर नजर पोचेल तिथवर सपाट रान. पाऊस पडून हवा धुतली गेली की उत्तरेला धौलाधारचे डोंगर दिसतात, तेवढाच काय तो उंचवटा.

शेतं पाटीवर आखल्यासारखी चौकोनी. एक एकर म्हणजे एक किल्ला, पंचवीस किल्ल्यांचा मुरब्बा. फाळणीनंतर तिथे चकबंदी झाली, विखुरलेले तुकडे एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन दिली गेली. आपल्याकडे अजून बांधावरून भावाभावांत डोकी फुटतात, तिथे बांध सरळ रेषेत आहेत आणि किल्ल्या-किल्ल्यापर्यंत पाण्याचा खाल म्हणजे पाट पोचतो. मला याचा फार हेवा वाटला.

चाचाजींच्या शेतात एक जुनी विहीर आहे, आता बुजत आलेली. त्यांच्या लहानपणी तिच्यावर रहाट होता, बैल फिरायचा. मग मोटर आली. पाणी खाली गेलं तसा मोटरीसाठी खड्डा खणला, तो आणखी खोल केला, एकदा मोटर काढायला उतरलेला गडी आत गुदमरता गुदमरता वाचला. शेवटी खड्डा सोडून सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटर बसवली. विहिरीच्या काठावर उभं राहून ते मला हे हाताने दाखवत होते, इथवर पाणी होतं, मग इथवर. नंतर हात खाली दाखवायला जागा उरली नाही, तेव्हा गप्प झाले.

हे का झालं? झोन्यामुळे. झोना म्हणजे भात. त्यांच्या वडिलांच्या काळी रानात मका, हरभरा, मसूर, गहू, थोडा बासमती असायचा. साठच्या दशकात देशात अन्नाचा तुटवडा होता, अमेरिकेच्या गव्हावर आपण दिवस काढत होतो. त्यावेळी नवं बियाणं आलं, लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने ते शेतापर्यंत नेलं आणि सरकारने सांगितलं, पिकवा, आम्ही घेतो. त्यांनी पिकवलं. गव्हापाठोपाठ भाताचीही हमीभावाने खरेदी सुरू झाली, पुढे शेतीची वीज मोफत झाली. मका मंडीत नेला तर कोण किती देईल सांगता येत नाही, झोना नेला की पैसे ठरलेले. मग कोण मका लावेल? मी विचारलं, घरी भात किती खाता? चाचाजी म्हणाले, "झोना साडी रोटी नहीं, पुत्तर." म्हणजे, भात हे आमचं रोजचं खाणं नाही, बाळा. तो तांदूळ रेशनवर तुमच्या-माझ्या गावात येतो.

आता धुराचं. पूर्वी मे महिन्यातच लावणी व्हायची, ऐन उन्हाळ्यात, म्हणून पाणी उपसलं जायचं. ते थांबवायला २००९ मध्ये कायदा झाला, १० जूनच्या आधी लावणी करायची नाही. पाण्यासाठी कायदा योग्यच होता. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली आणि गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरायचाच असतो. हातात उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. कंबाइन कणीस कापून जातं, एकरी दोन-अडीच टन पराळी म्हणजे पेंढा मागे राहतो, आणि साध्या भाताची ती पराळी गुरं नीट खात नाहीत. पराळी जमिनीत गाडायचं यंत्र भाड्याने घ्यायचं तर रांग, पैसे आणि डिझेल. काडेपेटी दोन रुपयांची. जाळणं चूक आहे, चाचाजींच्या नातीला दमा आहे आणि सगळ्यात आधी धूर त्यांच्याच अंगणात येतो. तरी सांगतो, उपग्रहातून मोजलेल्या आगी २०२२ मध्ये पंजाबात सुमारे ४९,९०० होत्या, २०२४ मध्ये १०,९०० च्या आसपास. यंत्र पोचलं की माणसं काडी ओढत नाहीत.

म्हणून दंड आणि गुन्हे दाखल करण्याच्या गोष्टी ऐकल्या की माझं डोकं फिरतं. मक्याला, डाळीला झोन्यासारखी खरेदीची खात्री द्या आणि मग बघा. हमीभाव वीसेक पिकांना जाहीर होतो, खात्रीने खरेदी होते ती मुख्यतः गहू-भाताची. हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, आमच्या मोंढ्यात ते चार-सव्वाचार हजारांनी गेलं. जिथे पाणी आहे तिथला आपला शेतकरी ऊसच का लावतो, याचंही उत्तर तेच आहे. घुमानला आपण नामदेवांसाठी गेलो, भाषणं ऐकली, फोटो काढले, परत आलो. मंडपापलीकडच्या शेतात फार थोडे जण गेले, याची मला अजून चुटपुट आहे.

त्या गावात आता दर चार-पाच घरांमागे एका कोठीला, म्हणजे बंगल्याला, कुलूप आहे. पोरं कॅनडात. लावणीला बिहारची माणसं येतात, जशी आपली बीडची माणसं ऊसतोडीला जातात.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पंजाबात महापूर आला, १९८८ नंतरचा सर्वांत मोठा. ज्या जमिनीखालचं पाणी आटत चाललंय तिच्यावरून नदी वाहून गेली. चाचाजींच्या दोन किल्ल्यांत गुडघाभर रेती बसली. सरकारने 'जिसदा खेत, उसदी रेत' म्हणून ती विकायची परवानगी दिली, पण उपसायचा खर्च कुठून आणायचा? त्याच सप्टेंबरात मराठवाडाही बुडाला. आमचं सोयाबीन उभ्याउभ्या कुजलं. मी त्यांना धीर द्यावा म्हणून फोन हातात घेतला, तेवढ्यात त्यांचाच आला. रेतीचा त्यांनी विषयच काढला नाही. टीव्हीवर मराठवाडा बघितला होता, म्हणून विचारत होते, "पुत्तर, बाबाजींच्या गावात पाणी किती आलंय? तुझी आई कुठे आहे?"