संदर्भ : गूगल

गेल्या आठवड्यात एक प्रकल्पाची वही हातात आली. विषय राजर्षी शाहू महाराज. तिसऱ्या पानावर लिहिलेलं, महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. पाचव्या पानावर, महाराजांनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. मधे एकशे एकोणनव्वद वर्षं!

"अगं, किती वर्षं जगले गं महाराज?"

"मॅडम, मी साइटवर बघितलो की. तिथं तसंच हाय."

(कोल्हापूरच्या पोरी 'बघितलो'च म्हणणार, बाहेरच्यांनी दचकू नये.)

तिच्या मोबाईलवर ती साइट बघितली. फोटो आपल्या महाराजांचा, वंशावळ साताऱ्याच्या छत्रपती शाहूंची, आणि खाली दोघांची कामं एकाच्याच नावावर. दर दोन परिच्छेदांनंतर कर्जाची नाहीतर वजन कमी करण्याची जाहिरात. लेखकाच्या जागी 'अ‍ॅडमिन'. तारीख नाही. आणि पोरगी कुठली? कागलची. महाराज जन्मले ते घाटगे घराणंच कागलचं. घरातल्या आजोबांना विचारलं असतं तरी भागलं असतं.

कॉलेजच्या ग्रंथालयात बावीस वर्षं झाली मला. शेवटच्या पानावर 'संदर्भ : गूगल' लिहिलेले प्रकल्प दरवर्षी गठ्ठ्यानं येतात. गूगल हा संदर्भ असेल तर मग 'संदर्भ : एसटी स्टँड' असंही लिहा. तिथून कुठल्या गाडीत बसलात ते सांगा की!

पण पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही, कारण आम्हीच त्यांना चुकीचं शिकवलंय. 'डॉट कॉम म्हणजे धंदा, डॉट ओआरजी म्हणजे संस्था, म्हणून विश्वासाची' हे अजून वर्गात सांगितलं जातं. डॉट ओआरजी कुणीही पैसे भरून घेऊ शकतं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची एक डॉट ओआरजी साइट कित्येक वर्षं चालू होती. दिसायला शाळकरी पोरांसाठीच केलेली. चालवणारे कोण, तर स्टॉर्मफ्रंट नावाचा गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा गट. किंग यांची बदनामी करायलाच ती काढलेली. डॉट गव्ह डॉट इन मात्र सरकारी खात्यांनाच मिळतं आणि डॉट एसी डॉट इन शिक्षणसंस्थांना, तेवढा आधार धरायला हरकत नाही. तरी सरकारी पानावरचा आकडा कुठल्या सालचा, हे बघावंच लागतं.

दुसरी शिकवण, 'साइट नीट बघा'. देखणी आहे का, शुद्धलेखन बरं आहे का, 'आमच्याविषयी' पानावर काय लिहिलंय. आता 'आमच्याविषयी' पानावर कोण स्वतःला खोटारडा म्हणवून घेईल? म्हैस घ्यायला गेलेला माणूस मालकाच्या तोंडावर विश्वास ठेवून पैसे मोजत नाही. शेजारच्या गोठ्यात चौकशी करतो, दोन वेळची धार समोर काढायला लावतो. ही अक्कल आपल्याकडं घरोघरी आहे, ती फक्त मोबाईल हातात आला की जाते. साइटवर बसून साइट तपासता येत नाही. तिथून बाहेर पडायचं, नवी खिडकी उघडायची आणि त्या साइटबद्दल, त्या लेखकाबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

विकिपीडियाला हात लावू नका, असं सांगणारे सहकारी आहेत माझे. मी म्हणते, जा. पण वाचायला सुरुवात खालून करा. तळटीपा आहेत का, त्या कुठल्या पुस्तकाकडं नेतात, ते बघा. 'इतिहास' या कळीवर टिचकी मारली की लेखात कुणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. एवढं उघड्यावर काम करणारी दुसरी साइट दाखवा मला.

मराठीत लिहिणाऱ्या पोरांची अडचण आणखी वेगळी आहे, आणि ती इंग्रजीवाल्यांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडचं चांगलं साहित्य बरंचसं स्कॅन करून ठेवलेलं आहे. पान म्हणजे नुसता फोटो, त्यातला शब्द शोधयंत्राला बऱ्याचदा वाचता येत नाही. मग शोधल्यावर वर काय येतं, तर यंत्रानं इंग्रजीतून उलथवलेला माल. एका प्रकल्पात मी 'पंचगंगेच्या दोन्ही बँका' वाचलंय. इंग्रजीत 'बँक' म्हणजे नदीचा काठही, ते यंत्राला कळलं नाही. पोराला वाटलं, नदीकाठच्या सहकारी बँका असतील! मराठी विश्वकोश आता ऑनलाइन फुकट वाचता येतो, कोल्हापूरचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ आहे, आणि १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर तर गावातच आहे. पण हे मोबाईलवर आपणहून पुढ्यात येत नाही, उठून जावं लागतं.

तारखेचं एक सांगते. पर्यावरणाच्या प्रकल्पात एकानं लिहिलं, 'पंचगंगेची पातळी ४५ फूट आहे'. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. मग ४५ म्हणजे पूर. पण कधीचा? २०१९ च्या ऑगस्टचा की २०२१ च्या जुलैचा? पाणी चढताना की उतरताना? बातमीच्या पानावर तारीखच नव्हती. सोबत शिरोलीजवळ महामार्ग पाण्यात गेल्याचा फोटो. तो महामार्ग दोन्ही वर्षी पाण्यात होता, त्यामुळं फोटोवरूनही काही कळेना. शेवटी आकडा काढून टाकायला लावला. पोरगा नाराज झाला, होऊ दे.

आणि आता माझंच झाकलेलं उघड करते. दोन वर्षांपूर्वी शाहू जयंतीला ग्रंथालयाच्या फलकावर मी महाराजांच्या नावाचं एक वाक्य लिहिलं. शिक्षणावरचं, छान, टाळ्या घेणारं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडं पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर काउंटरवर आले.

"बाई, हे महाराज कुठल्या भाषणात म्हणाले?"

"बघून सांगते, काका."

तीन दिवस बघत होते. तेच वाक्य अकरा साइटवर सापडलं, आणि मला वाटलं, अकरा जण सांगतायत म्हणजे खरंच असणार. मग लक्षात आलं, अकराही ठिकाणी 'विद्यार्थ्यांनी'तली एक वेलांटी चुकलेली आहे. एकानं लिहिलं, दहांनी उचललं. म्हणजे साक्षीदार एकच, तोही निनावी. भाषणांचे संग्रह चाळले, त्यातही नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून एआयला विचारलं, तर त्यानं पुस्तकाचं नाव, प्रकाशक आणि पान नंबरसुद्धा दिला. ते पुस्तक कुठल्याच सूचीत नाही. पान नंबरची ती ऐट बघून मला हसावं की रडावं कळेना.

फलक पुसला. त्या जागी १९०२ च्या आरक्षणाच्या आदेशाबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि खाली कुठून घेतल्या तेही लिहिलं. टाळ्या कुणी दिल्या नाहीत.

मास्तर अजून येतात. पेपर घडी घालून ठेवतात, चष्मा पुसतात आणि जाताना काउंटरशी थांबतात.

"मिळालं का ओ बाई ते वाक्य?"

"नाही काका, अजून नाही."

"बघा, बघा," म्हणतात आणि चपला घालायला वाकतात.