लेखकाला काय वाटतं?

माझे पेशंट बोलत नाहीत. गाय पाय का झटकते, मांजर पलंगाखालून का निघत नाही, पोपट स्वतःचीच पिसं का उपटतो, हे त्यांच्यापैकी कुणी मला आजवर सांगितलेलं नाही. तरी कळतं. कान कुठे वळलेत, शेपटी कशी धरलीय आणि सोबत आलेला मालक किती थापा मारतोय, यावरून अंदाज बांधायचा. तो बहुतेकदा बरोबर निघतो. हल्ली मात्र रोज रात्री एक सुशिक्षित गृहस्थ माझ्यासमोर आठशे शब्द बोलतात. इंग्रजीत, मुद्देसूद, मधे मधे तज्ज्ञांचे दाखले देत. त्यांचं बोलून झालं की खाली प्रश्न येतो: लेखकाला काय वाटतं? आणि मला सांगता येत नाही.

इंग्रजी बोलणाऱ्या देशात जाऊन जनावरांवर उपचार करायचे, तर आधी नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी इंग्रजी येत असल्याचा पुरावा. मी जिच्या मागे लागलेय ती परीक्षा म्हणजे ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट, लाडाने ओईटी. आरोग्यक्षेत्रातल्या 12 व्यवसायांसाठी ती घेतात. लिहिण्याचा आणि बोलण्याचा पेपर ज्याच्या त्याच्या व्यवसायाप्रमाणे वेगळा, ऐकण्याचा आणि वाचनाचा मात्र सगळ्यांना एकच. म्हणजे डॉक्टर, नर्स, दंतवैद्य, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मी, सगळे एकच उतारा वाचणार. उतारा अर्थातच माणसांच्या आजारांवर. ‘पेशंट’ वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर आधी चार पाय येतात. पुढच्या ओळीत तो पेशंट विम्याबद्दल तक्रार करायला लागतो आणि मला मागे जाऊन त्याचे दोन पाय कमी करावे लागतात.

असं मागे जाणं आमच्या क्लासच्या सरांना अजिबात खपत नाही. डोळा सतत पुढे गेला पाहिजे, म्हणतात. डोळ्यांच्या हालचालींवर संशोधन करणाऱ्यांनी मात्र केव्हाच मोजून ठेवलंय, की सराईत वाचकाचा डोळासुद्धा दर शंभर उड्यांतल्या दहा-पंधरा मागे मारतो. हे मी सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, “हे कुठल्या उताऱ्यात होतं?” उताऱ्यात नव्हतं म्हटल्यावर विषय संपला.

वाचनाच्या पेपरला 60 मिनिटं असतात, प्रश्न 42. पहिल्या भागाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. एकाच विषयावरचे चार छोटे मजकूर, 15 मिनिटं, 20 प्रश्न. डोस कुठल्या मजकुरात दिलाय, कुठलं औषध कुणाला द्यायचं नाही, असली शोधाशोध. दवाखान्यात फाइल चाळताना आपण हेच करतो. शोधा, लिहा, पुढे चला. लेखकाला काय वाटतं हे कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात त्याला काही वाटायला फुरसतही नसते.

दुसऱ्या भागात सहा लहान तुकडे येतात: परिपत्रक, नियमावलीतलं एखादं कलम, कर्मचाऱ्यांना पाठवलेली ईमेल. प्रत्येकाखाली एक प्रश्न आणि तीन पर्याय. इथून माझं बिनसायला लागतं. सरावाच्या पुस्तकात एक परिपत्रक होतं, वॉर्डातली उपकरणं वापरून झाल्यावर कुठे ठेवावीत याबद्दल. प्रश्न होता, परिपत्रक काढण्यामागचा मुख्य हेतू कोणता? ज्याने कुठेही दोन वर्षं नोकरी केली आहे, त्याला हा हेतू पाठ असतो: उद्या काही हरवलं, तर ‘आम्ही कळवलं होतं’ असं म्हणता यावं. तिन्ही पर्यायांत तो नव्हता. ‘कर्मचाऱ्यांना बदललेल्या पद्धतीची आठवण करून देणे’ वगैरे भोळसट गोष्टी होत्या. परिपत्रक लिहिणाऱ्याने स्वतः हा पेपर सोडवला, तर तोसुद्धा क्षणभर पेन चावेल.

आणि मग तिसरा भाग. दोन लांब उतारे, प्रत्येकी आठशे शब्दांच्या आसपास, प्रत्येकाखाली आठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. इथे माहिती विचारत नाहीत, मनं विचारतात. तिसऱ्या परिच्छेदात डॉक्टरबाईंनी ते उदाहरण का दिलं असावं? संशोधकाच्या सुरात काय डोकावतं? लेखकाची भूमिका कशी आहे: साशंक, उदासीन, सावध आशावादी, की टीकेची?

सराव करून करून या लेखकमंडळींची मला आता ओळख झाली आहे. ती कधी चिडत नाहीत. कशावर भाळतही नाहीत. नवं औषध आलं तर त्यांना ‘आश्वासक, परंतु अधिक संशोधनाची गरज’ असं वाटतं. जुनं औषध बंद झालं तरी तेच. यांच्या घराला आग लागली, तर हे ज्वाळांकडे सावध आशावादाने पाहत उभे राहतील. त्यामुळे पर्यायांत ‘सावध आशावादी’ दिसलं, की उताऱ्याकडे न बघता त्यावर खूण करावी अशी अनावर ओढ होते. पण प्रश्न काढणाऱ्यालाही ही ओढ माहीत असते, म्हणून अधूनमधून तो मुद्दाम दुसरं उत्तर ठेवतो. म्हणजे मला आता उताऱ्याच्या लेखकाला काय वाटतं ते शोधायचं नसतं; मला काय वाटेल याबद्दल प्रश्न काढणाऱ्याला काय वाटलं असेल, ते शोधायचं असतं. माझे पेशंट इतके गुंतागुंतीचे नसतात. मांजरसुद्धा नाही.

वेळ पुरत नाही असं सगळेच म्हणतात, म्हणून एकदा मी हिशोब मांडला. मार्क ब्रिसबार्ट नावाच्या अभ्यासकांनी 2019 साली वाचनाच्या वेगावरचे जुने-नवे अभ्यास गोळा करून सांगितलं, की इंग्रजी वाचणारा प्रौढ माणूस मनातल्या मनात माहितीपर मजकूर मिनिटाला सरासरी 238 शब्द या गतीने वाचतो. दोन लांब उतारे मिळून सोळाशे शब्द, म्हणजे सात मिनिटंसुद्धा नाहीत. सहा तुकड्यांना आणखी तीन-चार धरा. माझं इंग्रजी रांगतं आहे असं समजून सगळं दुप्पट केलं, तरी वीस-बावीस मिनिटांत वाचन संपतं. या दोन भागांना मिळून 45 मिनिटं मिळतात. मग उरलेला वेळ जातो कुठे? तो ‘बी’ आणि ‘डी’ यांच्यामध्ये जातो. ‘ए’ आणि ‘सी’ तर वेडगळ म्हणून केव्हाच बाद झालेले असतात. ‘बी’ बरोबर वाटतो, ‘डी’ जास्त बरोबर वाटतो, मग ‘डी’ जरा जास्तच बरोबर वाटल्यामुळे संशय येतो. घड्याळ वाचनासाठी लावलेलं असतं, पण ते चालतं या संशयावर.

घड्याळ धरायला माझी मुलगी बसते. दहावीत आहे, परीक्षांना सरावलेली. एकदा ती कंटाळून म्हणाली, “आई, तू उतारा नको दाखवूस, मला फक्त प्रश्न वाचून दाखव.” मी वाचत गेले, ती सटासट उत्तरं देत गेली. उत्तरसूचीशी ताडून पाहिलं, तर निम्म्याहून जास्त बरोबर.

“हे तुला कसं कळलं?”

“‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असं दिसलं की तो पर्याय खोडायचा. जास्त लांबलचक आणि मिळमिळीत असेल तो धरायचा.”

“अगं, पण विषय काय होता?”

“मला काय माहीत? उतारा तू वाचलायस ना?”

मला वाटलं, कार्टी अतिहुशार आहे. तसंही नाही. 1990 साली अमेरिकेत स्टुअर्ट कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिकडच्या ‘सॅट’ या प्रवेशपरीक्षेतले आकलनाचे प्रश्न विद्यार्थ्यांना उताऱ्याशिवाय सोडवायला दिले होते. डोळे मिटून खुणा केल्यावर जेवढी बरोबर यावीत, त्यापेक्षा बरीच जास्त उत्तरं बरोबर आली. म्हणजे उतारा वाचल्याने मार्क वाढत असतील, पण तो न वाचणाऱ्यांचंही फारसं अडत नाही. माझं अडतं, कारण मी वाचते आणि वर त्यात रस घेते. सरांच्या मते हा माझा सगळ्यात मोठा दोष. एका उताऱ्यात झोप न येणाऱ्या परिचारिकांवरचा प्रयोग होता. उतारा संपला, पण त्यांना पुढे झोप लागली की नाही ते लिहिलंच नव्हतं. मी पूर्ण अहवाल शोधत बसले आणि त्या रात्री माझीही झोप गेली.

सरांचा दुसरा नियम, बाहेरचं ज्ञान आणायचं नाही. उताऱ्यात आहे तेवढंच जग. हा नियम मला तोपर्यंत जड गेला नाही, जोवर उतारा माझ्या धंद्यातला आला नाही. आजारी माणसांच्या वॉर्डात कुत्री फिरवली तर त्यांना बरं वाटतं, असा विषय होता. आठशे शब्दांत रुग्णांना काय वाटलं, नर्सना काय वाटलं, व्यवस्थापनाला काय वाटलं, सगळं आलं. कुत्र्याला काय वाटलं याबद्दल अवाक्षर नाही. दिवसभर अनोळखी हात अंगावरून फिरले की कुत्रं जांभया द्यायला लागतं, ओठ चाटायला लागतं. लोकांना वाटतं दमलंय किंवा भूक लागलीय, पण बऱ्याचदा ते वैतागलेलं असतं. उताऱ्यात एक कुत्रा खरोखरच जांभई देत होता आणि लेखकाने ती समाधानाची खूण म्हणून नोंदवली होती. त्यावर प्रश्नही होता. मी व्यवसायाशी इमान राखलं आणि मार्क घालवला.

आता ज्ञान बाजूला ठेवून वाचन मोजता येतं का, हाच खरा प्रश्न आहे. 1988 साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्क्या पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांना सहज मागे टाकून गेली. हा दाखला मी क्लासमध्ये दिला. सर म्हणाले, “मॅडम, बेसबॉलवर उतारा येणार नाही.”

पर्यायाभोवती गोल करण्याची ही पद्धत कुणाच्या डोक्यातून निघाली, याचाही मी छडा लावला. अभ्यास टाळायचा असला की माणूस खूप अभ्यास करतो. बहुपर्यायी प्रश्नांच्या जनकांत फ्रेडरिक केली या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांचं नाव घेतात. 1915 च्या सुमारास त्यांनी कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट तयार केली. म्हणजे या पद्धतीचा जन्मच मुळी वाचनाच्या परीक्षेत झाला! त्यांच्या नमुन्यातला एक प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. चार प्राण्यांची नावं: गाय, वाघ, उंदीर, लांडगा. शेतावर उपयोगी असेल त्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ काढा. सोबत ताकीद अशी, की गायीभोवती रेघ काढली तरच उत्तर बरोबर. गायीच्या खाली काढली तरी चूक. मुलाला वाचता येतं, गाय ओळखता येते, तिचा उपयोग कळतो, पण रेघ जरा घसरली की सगळं शून्य. मी तर एवढ्यावर थांबलेच नसते. गाय भाकड आहे की दुभती, हे विचारल्याशिवाय उपयोगी कसं म्हणू? वाघ-लांडग्यांच्या धाकाने रानडुकरं शेतापासून लांब राहतात त्याचं काय? शंभर वर्षांपूर्वी मी त्याही परीक्षेत आपटले असते.

यात मला सगळ्यात जवळची वाटते ती सारा होलब्रुक. अमेरिकेतली ही कवयित्री. टेक्सास राज्याच्या शालेय परीक्षेत तिच्या कविता उतारा म्हणून वापरल्या होत्या. खालचे प्रश्न तिने पाहिले आणि 2017 साली जाहीर लिहिलं, की माझ्याच कवितांवरची उत्तरं मला येत नाहीत. एक प्रश्न होता, कवयित्रीने कवितेची दोन कडवी का केली? तिचं म्हणणं, मोठ्याने वाचताना मी तिथे थांबते, म्हणून. हे कारण पर्यायांत नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं ना! हे वाचल्यापासून माझ्या मनातली उताऱ्याच्या लेखकांबद्दलची अढी गेली. तेही बिचारे असेच कुठेतरी बसले असतील, आपल्याला काय वाटतं याचा पत्ता नसलेले.

ओईटीत प्रत्येक पेपरला 500 पैकी गुण देतात आणि 350 पासून ‘बी’ श्रेणी सुरू होते. मला तीच हवी आहे. माझ्याबरोबर सराव करणारे एक दंतवैद्य आहेत, त्यांनाही तीच. आम्ही रात्री व्हिडिओ कॉलवर उतारे सोडवतो. परवा शेवटच्या प्रश्नावर गाडी अडली: अखेरच्या परिच्छेदात लेखक काय सुचवतो?

“डॉक्टर, उघडउघड ‘बी’ आहे,” मी म्हटलं.

“अहो डॉक्टर, ‘डी’! तो ‘कदाचित’ बघा ना. ‘कदाचित’ म्हणतोय म्हणजे त्याला पटलेलं नाही.”

“पटलेलं नसतं तर ‘तथापि’ म्हणाला असता.”

“‘तथापि’ वरच्या परिच्छेदात वापरून झालाय.”

अर्धा तास गेला. त्यांनी लेखकाच्या वाक्यरचनेचा एक्स-रे काढून दाखवला, मी त्याचा एकूण स्वभाव सांगितला. मुलीने घड्याळ बंद केलं आणि ती झोपायला गेली. शेवटी दोघांनी मिळून उत्तरसूची उघडली. उत्तर होतं ‘ए’. पुढे स्पष्टीकरणाच्या रकान्यात एवढंच लिहिलं होतं: उताऱ्यावरून हे स्पष्टच आहे.