लेकराच्या वाट्याचं शिसं

दिवाळीआधी नाशिकच्या पंचवटीतला जुना वाडा रंगवायला काढलाय ना? मग लेकराच्या वाट्याचं शिसं आधी बाजूला काढा. सरकारने त्यात खोडा घातलाय खरा. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं चालत नाही, म्हणजे किलोमागे जेमतेम ९० मिलिग्रॅम. एवढ्यात कुणाचं भागणार? पण नियम नव्या डब्याला आहे. आजोबांच्या काळात दाराला दिलेल्या पिवळ्या ऑईल पेंटला कोण विचारतंय! तो पिवळा पुष्कळदा लेड क्रोमेटचा, म्हणजे शिशाच्याच संयुगाचा असतो.

त्याचे पापुद्रे सुटले असतील तर पाणी मारू नका, धूळ जागीच बसते. कोरडाच पॉलिश पेपर घ्या आणि पंखा पाचवर ठेवा. रंगारी घाईत असेल तर ब्लो लॅम्प लावू द्या. तापलेल्या शिशाचा धूर धुळीहून बारीक, थेट छातीत उतरतो. प्लास्टिक अंथरणं, ओल्या फडक्याने पुसणं हे भित्र्यांचे उद्योग. तुम्ही केरसुणी फिरवा, म्हणजे खाली बसलेलं पुन्हा वर येईल. बाळ रांगतं असेल तर मुहूर्त उत्तमच: हात फरशीवर, मग तोंडात. मोठ्यांच्या पोटात गेलेल्या शिशातला साधारण दहावा हिस्सा अंगी लागतो, लेकरांच्या जवळपास निम्मा. त्यातून रक्तात लोह कमी आणि पोट रिकामं असेल तर आणखी. ‘खाल्लेलं अंगी लागत नाही’ म्हणणाऱ्या आज्यांनी नोंद घ्यावी.

मेन रोडवर खेळणं घेताना आयएसआय शिक्का शोधू नका. १ जानेवारी २०२१ पासून तो सक्तीचा आहे, म्हणून काय झालं? हळद सुटीच घ्या, लेड क्रोमेटने जितकी पिवळीधमक तितकी बरी.

भांडी बाजारातल्या पितळी पातेल्याला मात्र कल्हई हवीच. कल्हईवाल्याशी कथलाच्या भावावरून मनसोक्त घासाघीस करा, म्हणजे तो कथलात शिसं मिसळून तुमचा शब्द राखेल. मग त्यात चिंचेचं सार उकळा. आंबटात शिसं छान उतरतं. (गळा बसावा म्हणून वैरी गवयाला शेंदूर चारतात, असं जुनी माणसं सांगत. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाचंच ऑक्साइड. इथे वैऱ्याचीही गरज नाही.)

एवढं करून पोराचं पोट दुखलं, चिडचिड वाढली, पाढे विसरायला लागला, तर रक्त तपासू नका. डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात, ५ मायक्रोग्रॅम निघालं की जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शिसं कुठून येतंय ते शोधा आणि बंद करा. कोण शोधत बसणार? सरळ शिकवणी लावा. कॉलेज रोडला क्लासची काय कमी!